ताईला माहीत होतं

घणसोली गावातल्या एका अरुंद चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, हौसेराव आणि मुक्ताबाईंचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, भाड्याच्या. घरमालकीण मीनाकाकी तळमजल्यावर राहायची, मूळची गावातली. हौसेराव साताऱ्याकडचे. बावीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पाठीवर गोणी घ्यायची, गाडीतून गाळ्यात न्यायची, पुन्हा गाडीकडे. पहाटे जायचे, दुपारी यायचे, जेवून आडवे व्हायचे. मुलगी प्रियदर्शिनी फार्मसीच्या डिप्लोमाला होती, मुलगा शिवतेज अकरावी सायन्सला. आपल्या पोरांच्या मानेवर गोणी येऊ नये एवढं एकच त्यांना वाटायचं, आणि तेही त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

शिवतेज म्हणजे घराची करमणूक. मार्केटातल्या मुकादमाची नक्कल करायचा, केमिस्ट्रीच्या सरांची करायचा, मीनाकाकी पाण्याच्या मोटरवरून कशी ओरडते ते तर असं करायचा की एकदा खालून खुद्द मीनाकाकीनेच ‘ओ’ दिली होती. मुक्ताबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. हौसेराव हसायचे नाहीत, पण झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. पोट हलायचं त्यांचं.

तो सोळा वर्षांचा होता त्या जुलैची ही गोष्ट. दुपारची वेळ होती. आई दळण आणायला गेली होती, आबा मार्केटातून यायचे होते. प्रियदर्शिनी मोरीत कपडे धूत बसली होती. शिवतेजची जीन्स पाण्यात बुडवायच्या आधी तिने सवयीने खिसे चाचपले, तर एक छोटी प्लास्टिकची पुडी हाताला लागली. आत वाळलेला, तपकिरी-हिरवा पाला आणि पातळ कागद. तिने वास घेतला आणि तिला कळलं. कॉलेजच्या मागच्या भिंतीशी हा वास तिने अनेकदा घेतला होता.

शिवतेज आतल्या खोलीत मोबाइल बघत लोळला होता. तिने पुडी त्याच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

तो आधी हसला. "अगं, माझं नाही ते. विश्वजितचंय. ठेवायला दिलंय."

"शिव, मी येडी दिसते का तुला?"

"बरं, माझंय. दोन-तीनदाच मारलाय. टेन्शन नको घेऊ ना ताई. क्लासमधले सगळेच मारतात. दारूपेक्षा बरं. झाडपाला आहे नुसता."

"आबांना सांगते."

"सांग की." तो उठून बसला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आवाज बदलला. "मग मीपण सांगतो. तू शनिवारी लायब्ररीत नसतेस ते. जयप्रकाश कोण तेपण सांगतो."

प्रियदर्शिनीच्या हाताला साबणाचा फेस होता. तो तसाच मनगटावरून खाली ओघळला. जयप्रकाश तिच्या वर्गातला मुलगा. शनिवारी दोघं वाशीला तलावापाशी बसायचे, भेळ खायचे, एवढंच. पण ते आबांच्या कानावर गेलं असतं तर कॉलेज सुटलं असतं, हे काही तिच्या मनाचे खेळ नव्हते. चुलत बहीण क्रांतीचं तसंच झालं होतं. दुसऱ्या वर्षाला असताना कुणीतरी तिला मुलासोबत बघितलं, आणि दिवाळीच्या आत गावी तिचं लग्न लागलं. क्रांती आता दोन लेकरं सांभाळते आणि फोनवर विचारते, "तुझं किती राहिलं गं अजून?"

"परत नाही ना करणार?" प्रियदर्शिनीने विचारलं.

"नाही."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

तिने पुडी संडासात ओतली, दोन बादल्या पाणी टाकलं आणि पुन्हा कपड्यांना बसली. आई दळण घेऊन आली तेव्हा ती जीन्स पिळत होती.

शपथ खोटी आहे हे तिला महिनाभरात कळलं. त्याच्या दप्तरात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आली. घरात शिरायच्या आधी जिन्यातच डिओचा फवारा व्हायला लागला. आल्या आल्या तो चार-चार चपात्या खायचा आणि आई म्हणायची, "वाढतं अंग हाय, खाऊ दे." प्रियदर्शिनी ताटावर बसून हे ऐकायची. एकदा-दोनदा तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलंही. तो म्हणायचा, "हो गं, कमी केलंय." आणि शनिवारी तिला यायला उशीर झाला की आईसमोर तोच आधी बोलायचा, "ताईचं एक्स्ट्रा लेक्चर होतं, मला मेसेज आलाय तिचा." सौदा कुणी तोंडाने केला नव्हता, पण तो रीतसर चालू होता आणि दोघांनाही सोयीचा होता. पुढे कितीतरी दिवस तिला याच गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली. आपण घाबरलो होतो याची नाही, आपली सोय झाली होती याची.

दिवाळीनंतर त्याचं हसणं कमी झालं. नक्कल कर म्हटलं की चिडायचा. "मी काय जोकर आहे का?" क्लासला जातो म्हणून निघायचा आणि खाडीकडच्या रस्त्याला क्लासमधल्या विश्वजित आणि दोन-तीन पोरांबरोबर बसायचा. आता रोज. फेब्रुवारीत तर तो झोपेनासाच झाला. सकाळी डोळे तांबारलेले, आणि आंघोळीचा कंटाळा. मग एक दिवस त्याने आतल्या खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. त्या खिडकीतून समोरच्या नव्या टॉवरच्या गॅलऱ्या दिसायच्या.

"उजेड येतोय डोळ्यावर," तो आईला म्हणाला.

प्रियदर्शिनीला मात्र त्याने वेगळं सांगितलं. ती पुस्तक घेऊन बसली होती, तो शेजारी येऊन अगदी हळू म्हणाला, "ताई, समोरचे लोक माझ्यावर बोलतात. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने बाहेर येतात. मी आलो की गप्प बसतात."

"कोण तुझ्यावर बोलतंय? इतक्या लांबून ऐकू येतं का?"

"मला येतं," तो म्हणाला.

ती दचकली होती. नंतर तिने स्वतःशीच समजूत घातली की आत्ता ओढून आला असेल, नशा उतरली की बरा होईल. ती औषधांचं शास्त्र शिकत होती. ‘सायकोसिस’ हा शब्द तिच्या पुस्तकात होता, त्यावर चार मार्कांचं उत्तर तिने पाठही केलं होतं. भ्रम, भास, संशय, झोप न लागणं. पण ते कागदावरचं कुणीतरी होतं. हा शिव होता.

एके सकाळी मीनाकाकीने तिला जिन्यात थांबवलं. चोऱ्या व्हायला लागल्या म्हणून तिने दारावर कॅमेरा बसवला होता.

"काय गो, तुज्या भावाला काय झायलंय? कॅमेऱ्यासमोर हुबा राहून शिव्या घालतंय. मी काय केलंय त्याचं?"

"अभ्यासाचं टेन्शन आहे काकी."

"टेन्शन नाय गो हे. मी पन पोरं वाढवलीत. आयेला सांग तुज्या."

एप्रिलमध्ये मुक्ताबाईंनीच ठरवलं की पोराला डॉक्टरला दाखवायचं. त्याआधी त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या होत्या, गावच्या देवाला नारळ बोलला होता. डॉक्टर दिनानाथांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच होता. दोन्ही पोरांचे ताप-खोकले त्यांनीच काढलेले. त्यांनी शिवतेजचं बीपी बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली, झोपेचं विचारलं. मग त्याला बाहेर बसायला सांगून दार लोटून घेतलं.

"मुक्ताबाई, राग मानू नका. काही नशा वगैरे करतो का?"

"छ्या, न्हाय हो डॉक्टर!" मुक्ताबाई खरंच दुखावल्या. "सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाय माझं लेकरू."

डॉक्टरांनी प्रियदर्शिनीकडे बघितलं. "तुला काय वाटतं? तू मोठी बहीण आहेस. काही बघितलंयस?"

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. प्रियदर्शिनीला पुडी आठवली, थेंबांची बाटली आठवली, आणि त्या पाठोपाठ हेही आठवलं की परवाच्या शनिवारी जयप्रकाशने तिला घरी माझ्या आईला भेटायला येशील का म्हणून विचारलं होतं. वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर होती. परीक्षा झाली की सांगू, तिने मनाशी ठरवलं. तीनच आठवडे.

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी झोपेची हलकी गोळी आणि टॉनिक दिलं. "बारावीचं वर्ष येतंय, ताण असेल. पण महिन्याभरात फरक पडला नाही तर मानसोपचारवाल्यांकडे पाठवतो. टाळाटाळ करू नका." आठ दिवस शिवतेज झोपला. घरातले म्हणाले, गुण आला. परीक्षा झाली, ती पास झाली, आणि तिने सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलेलं आता सांगायचं तर ‘इतके दिवस का नाही’ हा प्रश्न येणार, आणि दिवस जातील तसा तो प्रश्न मोठाच होत जाणार, हे तिला समजत होतं. तरीही ती एकेक दिवस पुढे ढकलत राहिली.

मे-जूनमध्ये आई त्याला गावी घेऊन गेली. तिथे हवापालट होईल म्हणून. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो पुन्हा खाडीकडे.

ऑगस्टमधला रविवार होता. मार्केटला सुट्टी, म्हणून हौसेराव घरी होते आणि मटण आणलं होतं. चौघं जेवायला बसले. हौसेरावांनी आपल्या ताटातली नळी उचलून पोराच्या ताटात ठेवली, तो लहान असल्यापासून ठेवायचे तशी. शिवतेजने ताटाकडे बघितलं, मग बापाकडे.

"काय घातलंय यात?"

"काय घालनार? खा."

"तुम्ही आधी खा."

"आरं, तुला आवडतं म्हनून—"

"मला माहितीये!" शिवतेज ओरडला. "मीनाकाकी आणि तुम्ही मिळून करताय! रोज देताय थोडं थोडं! मी ऐकलंय सगळं!" त्याने ताट भिरकावलं. रस्सा भिंतीवर उडाला. मुक्ताबाई "शिवा, शिवा" करत उठल्या, तोवर तो दार उघडून बाहेर पळाला होता. हौसेराव अनवाणीच मागे धावले. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्यांनी त्याला मिठीत धरला. मारायला नाही, धरायला. शिवतेजने सगळा जीव एकवटून त्यांना ढकललं.

बावीस वर्षं पाठीवर गोणी घेऊन फळीवरून चाललेला माणूस रिकाम्या हाताने नऊ पायऱ्या घसरत गेला. उजवा खांदा भिंतीवर आपटला तो आवाज प्रियदर्शिनीने दारात उभी राहून ऐकला. वरच्या पायरीवर शिवतेज उभा राहून रडत होता. "मी नाही केलं ताई, त्यांनी करायला लावलं. त्यांनी सांगितलं." कोणी, ते विचारायची तिची छाती झाली नाही.

महापालिकेच्या हॉस्पिटलात एका मजल्यावर हौसेराव हाड मोडलं म्हणून, आणि दुसऱ्या मजल्यावर शिवतेज. दोन दिवसांनी मानसोपचार विभागाच्या डॉक्टरबाईंनी घरच्यांना बोलावलं. डॉक्टर ज्ञानेश्वरी पस्तिशीच्या असतील, बोलायला मऊ. हौसेराव हात गळ्यात बांधून आले. खोलीत फिनेलचा वास होता, खुर्च्या तीनच होत्या, प्रियदर्शिनी उभी राहिली.

"मला सगळं खरं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच्या लघवीत गांजा आलाय. कधीपासून घेतो, कुणाला काही कल्पना?"

मुक्ताबाई तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या. "चूक झाली असंल तपासनीत," त्या म्हणाल्या. "बाई, माझा पोरगा—"

"गेल्या जुलैपासून," प्रियदर्शिनी म्हणाली. "त्याच्या आधीपासूनही असेल. मला जुलैमध्ये सापडला. दिवाळीनंतर रोज घेत होता."

तेरा महिने पोटात ठेवलेलं बाहेर यायला मिनिटसुद्धा लागलं नाही. मुक्ताबाईंनी वळून तिच्याकडे बघितलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तिथं दवाखान्यात माझं लेकरू सुपारीसुद्धा खात न्हाय म्हनून मी सांगत व्हते, आन् तू माझ्या शेजारी हुबी व्हतीस."

"हो," प्रियदर्शिनी म्हणाली.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. गांजा ओढणाऱ्या प्रत्येकालाच असं होत नाही. पण या वयात मेंदू अजून घडत असतो, आणि काही मुलांत मुळातच एक कच्ची जागा असते. त्यात रोजचा गांजा पडला की ती जागा फाटते. "घरात आधी कुणाला असा त्रास होता का? भास, संशय? आजी-आजोबा, काका, आत्या?"

"न्हाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

हौसेराव खाली बघत होते. बांधलेल्या हाताची बोटं त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरली होती. "व्हता," ते म्हणाले. "माझा धाकला भाऊ. इसाव्या वर्षी विहिरीवर बसून एकटाच बोलायचा. मारायला धावायचा. आमी त्याला गोठ्यात बांदून ठेवला व्हता. मग एक दिवस दोर सोडवून गेला निघून. आजवर पत्त्या न्हाय."

"तापानं गेले म्हनला व्हता की तुमी," मुक्ताबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती.

"काय सांगायचं? घराण्यात खूळ हाय म्हनून? पोरीचं लगीन कुनी केलं असतं?"

प्रियदर्शिनीने बापाकडे बघितलं. तिच्याच लग्नासाठी त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं, आणि तिने आपलं लग्न लावतील या भीतीने. दोघांचं गप्प बसणं एकाच पोराच्या अंगावर पडलं होतं.

खोलीतून निघताना ती मागे थांबली. "मॅडम, मी एप्रिलमध्ये सांगितलं असतं तर?"

डॉक्टर ज्ञानेश्वरींनी फाइल मिटली. "नक्की सांगता येत नाही. कदाचित तरीही झालं असतं. पण उपचार जितके लवकर, तितकं हातात जास्त उरतं. चार महिने गेले ते गेले." त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. "खोटा धीर देत नाही मी तुला. पण आता गोळ्या वेळेवर देणारं कुणीतरी लागेल. ते तू कर."

ते तिने केलं. महिनाभराने शिवतेज घरी आला. आवाज हळूहळू कमी झाले, मग थांबले. समोरच्या टॉवरमधले लोक आपल्यावर बोलत नाहीत हे त्याला पटलं. पण गोळ्यांनी अंग सुजल्यासारखं झालं, वजन बारा किलोंनी वाढलं, चहाचा कप धरताना हात थरथरायचा. पुस्तकाचं एक पान वाचायला त्याला अर्धा तास लागायचा आणि शेवटी आल्यावर सुरुवात आठवायची नाही. बारावीचा फॉर्म भरलाच नाही. दारावर मीनाकाकी स्वतः आली, वाटीभर सुकटीची चटणी घेऊन. शिवतेज तिला "सॉरी काकी" म्हणाला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवून डोळे पुसत खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे वळवलं.

हौसेरावांचं हाड जुळलं, पण खांदा पहिल्यासारखा वर जाईना. टोळीतल्या माणसांनी मुकादमाला सांगून त्यांना गाळ्यावर राखणीला बसवलं. पोराने ढकललं हे त्यांनी मार्केटात कुणाला सांगितलं नाही. "पाय घसरला," म्हणायचे. घरातही त्यांनी शिवतेजला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते प्रियदर्शिनीला, एकदाच. "तुला माझं येवढं भ्या वाटत व्हतं?" "क्रांतीचं बघितलं होतं ना आबा," ती म्हणाली. ते उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाहून आलेलं स्थळ स्वतःच परत पाठवलं. पण तोवर जयप्रकाशशी तिचं बोलणं तुटलं होतं. त्याचा काही दोष नव्हता. त्याचा फोन वाजला की तिला तो दवाखान्यातला पंखा ऐकू यायचा, एवढंच.

पुढच्या वर्षी एकदा स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत विश्वजित भेटला. घरच्यांनी त्याला इंजिनिअरिंगला घातलं होतं. खांद्याला नवी बॅग, अंग भरलेलं, तजेलदार. तिला बघून चपापला.

"शिव कसाय?"

"आहे. गोळ्या चालू आहेत."

"ताई, खरं सांगतो, मी त्याच्यापेक्षा जास्त ओढायचो. आम्ही सगळेच. मला काहीच..." तो अडखळला. मग एकदम लहान पोरासारखा म्हणाला, "मलापण होईल का?"

तिला त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यायची होती. वर्षभर तिने ती मनात राखून ठेवली होती. पण समोरचा मुलगा अठराचा होता आणि खरंच भ्यायलेला होता. "सोडून दे," ती म्हणाली. "आणि घरी सांग. आज सांग." रिक्षा आली, ती बसली. त्याने सांगितलं की नाही, तिला कधी कळलं नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत शिवतेज संध्याकाळी पाय मोकळे करून आला आणि त्याच्या शर्टाला तो वास होता. प्रियदर्शिनी पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच टाकून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि आबांना सांगितलं. मग डॉक्टर ज्ञानेश्वरींना फोन लावला. गोळ्यांची पाकिटं तपासली, तर आठवडाभराच्या गोळ्या त्याच्या उशीच्या अभ्र्यात निघाल्या. शिवतेज दारात उभा राहून हे सगळं बघत होता.

"तू सांगितलंस?" तो म्हणाला.

"हो."

चार दिवसांत आवाज परत आले. या वेळी तीन आठवडे वॉर्डात ठेवावं लागलं.

घरी आल्यावर एका दुपारी दोघं गच्चीवर होते. आईने वाळत घातलेल्या गव्हाजवळ बसायला सांगितलं होतं. एका बाजूला गावची पत्र्यांची छपरं, पाण्याच्या काळ्या टाक्या, दुसरीकडे टॉवर. शिवतेज गव्हातले खडे वेचत होता. हात थरथरत होता म्हणून एकेक खडा दोन-दोनदा धरावा लागत होता.

"ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"या वेळी लगेच सांगितलंस. तेव्हा का नाही सांगितलंस?"

हा प्रश्न तिला आई विचारेल, बाप विचारेल असं वाटलं होतं. त्यांच्यासाठी उत्तरंही तयार होती. त्याच्यासाठी नव्हतं. "तू नको म्हणाला होतास," एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "नाही, ते कारण नाही. मला माझी भीती वाटत होती. माझं कॉलेज सुटेल म्हणून. तू माझं झाकत होतास, मी तुझं."

"मी नको म्हणालो होतो," तो म्हणाला. आता त्याचं बोलणंच संथ झालं होतं, दोन शब्दांच्या मध्ये जागा सुटायची. "मी धमकीपण दिली होती. मला आठवतंय. पण तू मोठी होतीस ना."

तिला रडू आलं. "माफ कर मला, शिव."

"मी चिडलेलो नाही." त्याने एक खडा कठड्यापलीकडे टाकला. "तू दोन्ही वेळी चुकलीस असंपण नाही म्हणत मी. पण मला आता तुला काही सांगावंसं वाटत नाही. आधी वाटायचं. ते समोरचे लोक बोलतात हेपण मी फक्त तुलाच सांगितलं होतं."

उन्हं उतरली तसा दोघांनी मिळून गहू गोळा केला आणि डबा खाली आणला.

आता शिवतेज एकोणीस वर्षांचा आहे. बारावीला बाहेरून बसायचं म्हणतो. दोन विषयांची पुस्तकं आणलीत, सकाळी तासभर वाचतो. दिवसाआड मुक्ताबाईंबरोबर भाजी आणायला जातो. कधी बरा दिवस असतो, कधी दुपारपर्यंत उठत नाही. प्रियदर्शिनी ऐरोलीला औषधांच्या दुकानात कामाला लागली आहे. कोवळी पोरं कसलीतरी सिरप नाहीतर गोळ्या चिठ्ठीशिवाय मागायला येतात, तेव्हा ती स्पष्ट नाही म्हणते आणि त्यांची तोंडं लक्षात ठेवते. घरी आल्यावर हात धुते, पाण्याचा पेला भरते आणि रात्रीच्या जेवणाआधीच्या दोन गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवते. तो गिळतो. मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तोंड उघडतो, जीभ वर करतो, डावीकडे, उजवीकडे. भावाच्या तोंडात असं वाकून बघणं तिला नको वाटतं. त्यालाही नको वाटतं. तो वर छताकडे बघत राहतो.

"झालं?" तो विचारतो.

"झालं," ती म्हणते, आणि पेला विसळायला मोरीकडे जाते.